मारिया गोरेत्ती: अकरा वर्षांच्या मुलीला रक्तसाक्षी का म्हणतात?

दरवर्षी ६ जुलैला कॅथलिक ख्रिस्तसभा मारिया गोरेत्ती या मुलीची आठवण करते. ती गेली तेव्हा तिला बारावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. ‘ख्रिस्ताला नाकार, नाहीतर जीव घेतो’ असं तिला कुणी धमकावलं नव्हतं. समोर राजा नव्हता, दरबार नव्हता, धर्माचा छळ चालू नव्हता. तिला मारणारा तरुण स्वतः बाप्तिस्मा झालेला कॅथलिक होता, तिच्याच घरात राहत होता, तिच्या हातचं जेवत होता. तरीही तिच्या नावाबरोबर ‘कुमारी आणि रक्तसाक्षी’, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेली, असं म्हटलं जातं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारतं, मग ती रक्तसाक्षी कशी? घाईत दिलं जाणारं उत्तर ठरलेलं असतं: ‘तिने शुद्धता राखण्यासाठी प्राण दिला.’ हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि ते तेवढंच ऐकून एखादी मुलगी मनात काय घेऊन घरी जाते, याचा विचार आपण फार कमी करतो. म्हणून हा विषय जरा निवांतपणे उलगडायला हवा.

आधी हकिगत. मारियाचा जन्म १६ ऑक्टोबर १८९० चा, इटलीच्या पूर्व किनाऱ्यापासून थोडं आत असलेल्या कोरिनाल्दो गावातला. वडील लुईजी, आई आसुंता. जमीन तुटपुंजी, खाणारी तोंडं वाढत चाललेली. शेवटी गाव सोडून ते पोटामागे निघाले आणि १८९९ मध्ये रोमच्या दक्षिणेला ले फेर्रिएरे इथे एका जमीनदाराची शेती अर्धेलीने करू लागले. अर्धेलीचं जिणं कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

तो सगळा मुलूख दलदलीचा. साचलेलं पाणी, डास आणि घरोघर मलेरिया. १९०० च्या मे महिन्यात लुईजी तापाने गेला. मलेरियावरचं औषध क्विनाइन सरकारमार्फत विकण्याचा कायदा इटलीत झाला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आसुंताच्या पदरी लहान लहान मुलं राहिली. सेरेनेल्ली नावाचं दुसरं एक कुटुंब, म्हणजे बाप जोव्हान्नी आणि मुलगा आलेस्सांद्रो, शेतीत भागीदार होतं आणि त्याच घरात राहत होतं. नवऱ्याच्या जागी आसुंता शेतात उतरली आणि घर मारियाच्या अंगावर आलं. दोन्ही कुटुंबांचा स्वयंपाक, धुणी, शिवण, धाकटी भावंडं, सगळं तीच बघायची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. प्रार्थना ऐकून ऐकून पाठ केल्या आणि पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारीही तशीच केली.

५ जुलै १९०२, शनिवार. भर उन्हाची वेळ. अंगणातल्या खळ्यावर वाळलेल्या शेंगांची मळणी चालू होती, आसुंता तिथे होती. मारिया जिन्याच्या वरच्या टोकाला बसून फाटलेला सदरा शिवत होती. सदरा आलेस्सांद्रोचाच होता. शेजारी तान्ही बहीण तेरेझा झोपली होती. विशीतला आलेस्सांद्रो मळणी सोडून वर आला आणि त्याने तिला आत ओढलं. याआधीही त्याने तिच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला होता आणि कुणाला सांगितलंस तर जीव घेईन अशी धमकी दिली होती. या वेळीही ती झगडली. हे पाप आहे, देवाला हे नको आहे, तू नरकात जाशील, असं ती म्हणत राहिली. त्याने दाभणासारख्या लांब टोकदार हत्याराने तिच्यावर चौदा वार केले.

तिला नेत्तुनोच्या इस्पितळात नेलं. भूल न देता शस्त्रक्रिया झाली. तहानेने ती कासावीस झाली होती, पण पोटातल्या जखमांमुळे पाणी देता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी धर्मगुरूंनी तिला विचारलं, मारणाऱ्याला क्षमा करतेस का? तिने हो म्हटलं, येशूसाठी करते म्हटलं, आणि तो माझ्याबरोबर स्वर्गात असावा असंही म्हटलं. ६ जुलैच्या दुपारी ती गेली.

आता प्रश्नाकडे येऊ. एखाद्याला रक्तसाक्षी ठरवताना ख्रिस्तसभा भावनेवर जात नाही. रीतसर चौकशी होते, साक्षी नोंदवल्या जातात, आणि १९८३ पर्यंत तर विरोधातले मुद्दे मांडायला माणूसही नेमलेला असायचा. मुख्यतः तीन गोष्टी तपासतात. मरण खरोखर दुसऱ्याने लादलेलं होतं का? मरणाऱ्याने ते विश्वासापोटी स्वीकारलं का? आणि मारणाऱ्याने ते कशापायी केलं? तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त काथ्याकूट होतो. मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असायला हवा, ही जुनी कसोटी.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया घ्या. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत ते होते. गुन्हा एकच, ख्रिस्ती धर्म. तिथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही.

मारियाच्या बाबतीत शोधावं लागतं. आलेस्सांद्रोला तिच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या डोक्यात वासना होती आणि नकार ऐकल्यावर राग. मग?

इथे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची गोष्ट आठवावी लागते. हेरोद राजाने भावाची बायको घरात आणली, योहानाने त्याला तोंडावर सांगितलं की हे तुला योग्य नाही, आणि त्यात त्याचं मस्तक गेलं. हेरोदाने त्याला देव सोडायला सांगितलं नव्हतं. तरीही ख्रिस्तसभा पहिल्यापासून योहानाला रक्तसाक्षी मानते. तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनस यांनी नेमकं हेच उदाहरण घेऊन मांडलं की श्रद्धा नुसती तोंडाने कबूल केली जात नाही. देवासाठी म्हणून केलेलं प्रत्येक चांगलं काम, देवासाठी म्हणून टाळलेलं प्रत्येक पाप ही श्रद्धेचीच कबुली असते. म्हणून अशा कृतीपायी मरण आलं, तर तेही रक्तसाक्ष्य ठरू शकतं. द्वेष श्रद्धेचा असो किंवा श्रद्धेतून आलेल्या सद्गुणाचा, दोन्ही धरले जातात.

म्हणजे मारियाच्या चौकशीत खरं वजन कशाला आलं? तिने नकार देताना काय कारण दिलं, त्याला. तिने देवाचं नाव घेतलं, पापाचं नाव घेतलं. मारणाऱ्याच्या आत्म्याचं काय होईल याची काळजी त्याच्याच हातात हत्यार असताना बोलून दाखवली. आणि हे आपल्याला कुणाकडून कळलं? त्या खोलीत तिसरं माणूस नव्हतं. तेव्हाचे तिचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः आलेस्सांद्रोच्या स्वतःच्या साक्षीतून. संतपदाच्या चौकशीत खुनी हाच महत्त्वाचा साक्षीदार असणं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत थरारक वाटतं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिने देवाचं नाव न घेता नुसतं ‘नको’ म्हटलं असतं, तरी तिचा नकार तितकाच खरा होता आणि तिच्यावरचा अन्याय तितकाच घोर होता. रक्तसाक्षी ही पदवी साक्षीपुराव्यावर ठरते. देवाच्या नजरेतली तिची किंमत त्या पुराव्यावर अवलंबून नव्हती.

आता त्या अपुऱ्या उत्तराकडे. ‘शुद्धता राखण्यासाठी प्राण दिला’ हे वाक्य ऐकणाऱ्या वर्गात अशी एखादी मुलगी असू शकते, किंवा मुलगाही, जिच्यावर असा प्रसंग येऊन गेला आहे आणि जी जिवंत आहे. तिला या वाक्यातून काय ऐकू येतं? मारिया मेली म्हणून शुद्ध राहिली, मी जगले म्हणून राहिले नाही. आपल्या समाजात आधीच अत्याचार झालेल्या मुलीच्याच घरच्यांची मान खाली जाते. करणारा उजळ माथ्याने फिरतो आणि मुलीचं लग्न कसं होणार याची कुजबुज सुरू होते. त्यात व्यासपीठावरून पुन्हा हेच ऐकू आलं, तर ती पोर देवापासूनही तुटते. मला हे फार गंभीर वाटतं.

आणि ही ख्रिस्तसभेची शिकवण नाहीच. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं, तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले, त्यांत व्रतस्थ स्त्रियाही होत्या. त्यांचं शील गेलं का, असा प्रश्न लोक विचारू लागले. संत ऑगस्टिन यांनी आपल्या ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्याला उत्तर दिलं आहे. शील हा मनाचा गुण आहे. मनाने संमती दिली नाही, तर दुसऱ्याची वासना माझ्या शरीराचं काहीही करो, माझं पावित्र्य तिला हिरावता येत नाही. त्या काळच्या रोमन लोकांना लुक्रेशियाची कथा आदर्श वाटायची: अत्याचारानंतर तिने स्वतःला संपवलं म्हणून ती थोर. ऑगस्टिन यांनी हे मान्य केलं नाही. ज्या ख्रिस्ती स्त्रिया जगल्या त्यांनी योग्यच केलं, दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा स्वतःला का द्यायची, असं त्यांनी लिहिलं. सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने हे इतकं स्पष्ट लिहून ठेवलं असताना आपण अजून चाचरतो.

त्या दुपारी आलेस्सांद्रोने बळजबरी केली असती आणि मारिया वाचली असती, तर ती शुद्धच राहिली असती, कणभरही कमी नाही. भीतीने तिची बोबडी वळली असती, ती ओरडू शकली नसती, झगडू शकली नसती, तरीही. घाबरून गप्प राहणं ही संमती नव्हे. ६ जुलैच्या प्रवचनात हे एक वाक्य तरी यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. मारियाने आधीचे प्रसंग आईला सांगितले नव्हते. धमकी होती, आणि घर त्या दुसऱ्या कुटुंबावर अवलंबून होतं. मला घरी एकटीला ठेवू नकोस, एवढंच ती आईला विनवायची. वैधव्याने आणि कामाने पिचलेल्या आसुंताला त्यामागचा अर्थ उमगला नाही. तिला दोष देण्याचा आपल्याला काय अधिकार? पण आज आपल्याकडे वेळ आहे आणि माहितीही आहे. एखादं मूल अचानक एखाद्या माणसाबरोबर थांबायला नको म्हणतं, एखाद्या घरी जायला टाळतं, रडतं आणि कारण सांगत नाही, तेव्हा त्याला हट्टी ठरवण्याआधी शेजारी बसवून ऐकून घ्या. माणूस नात्यातला असो, भाडेकरू असो, शिक्षक असो वा चर्चमधला कुणी असो. भारतात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मारियाच्या स्मरणदिनी हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लागला, तर ते तिच्या स्मरणाशी सुसंगतच होईल.

स्मरणदिनाविषयी थोडक्यात. संतांचा दिवस साधारणपणे त्यांच्या मृत्यूच्या तारखेला धरतात, कारण तो स्वर्गातला जन्म मानला जातो. रक्तसाक्षींच्या कबरीजवळ त्या तारखेला जमण्याची रीत दुसऱ्या शतकापासूनची आहे. मारियाचा दिवस १९६९ च्या सुधारित रोमन दिनदर्शिकेत आला. तो ऐच्छिक आहे, म्हणजे त्या दिवशीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) तिच्या स्मरणार्थ करायची की नाही हे धर्मगुरू ठरवू शकतात. केली तर वस्त्रं लाल, रक्तसाक्षींचा रंग. ६ जुलै रविवारी आला, तर रविवारचीच मिस्सा होते.

नेत्तुनोच्या बॅसिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, वेदीखाली काचेच्या पेटीत एक मुलगी निजलेली दिसते. तिचं शरीर कुजलं नाही, असं अनेकजण समजतात आणि फोटो पुढे पाठवतात. ती मेणाची मूर्ती आहे. मारियाच्या अस्थी तिच्या आत ठेवल्या आहेत. श्रद्धेला खोट्या चमत्काराची गरज नसते, तेव्हा असा फोटो आला तर खरं काय ते प्रेमाने सांगावं.

२७ एप्रिल १९४७ रोजी तिला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं आणि २४ जून १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी संत. लोटलेली गर्दी बॅसिलिकेत मावणारी नव्हती, म्हणून तो सोहळा बाहेर संत पेत्राच्या चौकात झाला. संतपदाचा सोहळा उघड्यावर होण्याची ती पहिलीच वेळ. म्हातारी आसुंता तिथे हजर होती. आपल्या पोटच्या पोरीला संत घोषित होताना तिने पाहिलं.

राहिला आलेस्सांद्रो, आणि त्याच्यामुळे क्षमेचा प्रश्न. इथेही गफलत होते. मारियाने क्षमा केली म्हणजे प्रकरण मिटलं, असं झालं नाही. त्याच्यावर खटला चालला. वय कायद्याच्या हिशेबात कमी भरलं म्हणून जन्मठेप टळली आणि तीस वर्षांची शिक्षा झाली. त्यातली सत्तावीस त्याने भोगली. पहिली काही वर्षं त्याला पश्चात्ताप नव्हता. नोतो या सिसिलीतल्या गावच्या तुरुंगात असताना त्याला स्वप्न पडलं: मारिया फुलं वेचते आहे आणि एकेक लिली त्याच्या हातात देते आहे. तिथून तो बदलत गेला. १९२९ मध्ये सुटला. १९३४ च्या नाताळात कोरिनाल्दोला आसुंताच्या दाराशी जाऊन त्याने क्षमा मागितली. मारियाने तुला क्षमा केली, मग मी कशी नाही करणार, अशा अर्थाचं ती बोलली, आणि नाताळच्या मिस्सेला दोघांनी शेजारी शेजारी ख्रिस्तप्रसाद घेतला. पुढे तो कापुचिन संन्याशांच्या मठांत बागकाम आणि पडेल ते काम करत राहिला आणि १९७० मध्ये माचेराता इथे वारला.

क्षमा करणाऱ्याच्या मनातली गाठ सुटते, गुन्ह्याचा हिशेब न्यायालयात होतो. दोन्ही आपापल्या जागी हवेत. ‘क्षमा कर आणि तक्रार मागे घे’ असं एखाद्या मुलीला मारियाचं नाव घेऊन सांगणं म्हणजे मारियाचा अपमान आहे. शिवाय क्षमा कुणी कुणाकडून वसूल करायची नसते. आसुंताला ती द्यायला बत्तीस वर्षांनंतर समोर पश्चात्ताप झालेला माणूस मिळाला. सगळ्यांना तसा मिळतोच असं नाही.

रक्तसाक्ष्य आणि क्षमा या दोन्हींचं भारतातलं उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचं आहे. केरळात जन्मलेल्या या बाई मध्य प्रदेशातल्या गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकलं आणि बाहेर ओढून ठार मारलं. वय होतं एक्केचाळीस. त्यांनाही कुणी धर्म सोडायला सांगितलं नव्हतं. श्रद्धेतून आलेली न्यायाची चाड मारेकऱ्यांना आणि त्यांच्या मागच्या लोकांना खुपली, म्हणून त्या रक्तसाक्षी. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केलं गेलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली होती. तो तुरुंगात असताना २००२ च्या रक्षाबंधनाला त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी त्याला भेटायला गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनीच शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो सुटला. तोवर त्याची अकरा वर्षं तुरुंगात गेली होती.